आरेकिपात सहा दिवस: उंचीची सवय लावून घेताना

पेरूला जायचे ठरले तेव्हा मला खरी धास्ती होती ती कुस्को शहराची. कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, आणि साधारण तेवढ्याच उंचीवरच्या लेहने मला २०१४ साली अंथरुणाला खिळवले होते. दिल्लीहून विमानाने थेट लेहला उतरलो, त्याच संध्याकाळी डोके ठणकू लागले, रात्री पाण्याचा घोटही पोटात ठरेना, आणि पुढचे दोन दिवस तिथल्या रुग्णालयात प्राणवायूची नळी लावून पडून राहावे लागले. त्या सहलीत आम्ही पँगाँग पाहिले नाही, कारण माझा नवरा माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावरून हलायला तयार नव्हता.

त्यामुळे या वेळी आधी डॉक्टरांकडे गेलो. मला सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असल्यामुळे डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचे औषध द्यायला त्यांचे मन धजेना. घाई न करता टप्प्याटप्प्याने वर चढा, एवढाच उपाय त्यांनी सांगितला. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वर नेऊ नये, असा सर्वसाधारण नियम असतो, आणि त्याआधी दोन-अडीच हजार मीटरवर काही रात्री काढल्या तर शरीराला पुष्कळ मदत होते. नकाशा समोर घेऊन बसलो तेव्हा या कामासाठी २,३३५ मीटरवरचे आरेकिपा जणू आखून ठेवल्यासारखे सापडले. पुष्कळ सहलींमध्ये लिमाहून विमानाने सव्वा तासात कुस्को गाठतात. आम्ही मात्र लिमा, आरेकिपा, चिवाय आणि मग कुस्को असा लांबचा रस्ता धरला व आरेकिपासाठी सहा रात्री राखून ठेवल्या. ज्यांना उंचीची अशीच भीती वाटते त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

तयारीची सुरुवात पीतज्वराच्या लशीपासून झाली. पेरूहून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याला या लशीचे प्रमाणपत्र दाखवावे लागते आणि ते लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते, म्हणून ही लस अगदी शेवटच्या आठवड्यावर ठेवून चालत नाही. आम्ही २३ एप्रिल २०१९ रोजी मुंबईतील एका सरकारी केंद्रावर ती घेतली. शुल्क प्रत्येकी तीनशे रुपये होते. या लशीची एक कुपी फोडली की तिच्यातून अनेकांना लस द्यावी लागते, म्हणून ठरलेल्या दिवशी आधी वेळ घेऊनच जावे. अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का हे विचारतात आणि लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. घरी आल्यावर पाहिले तर माझ्या पिवळ्या पुस्तिकेत पासपोर्ट क्रमांकाचा एक आकडा चुकला होता. दुरुस्ती आणि नवा शिक्का यासाठी पुन्हा एक सकाळ मोडली. केंद्रावरून निघण्यापूर्वी पुस्तिका व पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून घ्यावे. हे प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते, तेव्हा ती सकाळ वाया गेली असे मी म्हणणार नाही.

व्हिसाच्या बाबतीत आम्ही नशीबवान ठरलो. लेक ह्यूस्टनला शिकत असल्यामुळे आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा होता, आणि अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असलेल्या भारतीय पर्यटकांना पेरूने २०१७ पासून स्वतंत्र व्हिसातून सूट दिली आहे. नियम इतका स्पष्ट असूनही ४ जूनला ह्यूस्टनच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीला तो ठाऊक नव्हता. भारतीय पासपोर्ट पाहून ती पेरूचा व्हिसा मागत राहिली, आणि वरिष्ठांनी संगणकावर नियम शोधून होकार देईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. माझ्या छातीतली धडधड त्या चाळीस मिनिटांत जेवढी वाढली तेवढी पुढे कुठल्याही उंचीवर वाढली नाही. पेरूच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरचा मजकूर छापून सोबत नेला होता, त्याचा तिथे उपयोग झाला. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी तो मजकूर स्वतः वाचून मगच छापून घ्यावा.

लिमाला पासपोर्टवर शिक्का मारून अधिकाऱ्याने त्यावर पेनने मुक्कामाचे दिवस लिहिले. तो आकडा तिथल्या तिथे वाचला आणि त्या पानाच्या दोन झेरॉक्स काढून ठेवल्या, कारण पासपोर्ट व प्रवेशाची नोंद दाखवली तर परदेशी पर्यटकाला खोलीच्या भाड्यावरचा १८ टक्के कर माफ असतो. आम्ही न मागता हे कोणीही सांगितले नाही. आम्ही मागितल्यावर मात्र प्रत्येक ठिकाणी मिळाले. जूनमधले लिमा म्हणजे पाऊस येईल असे दिवसभर वाटायला लावणारे, पण पाऊस न पाडणारे करडे आभाळ. तिथे दोन दिवस विश्रांती घेऊन ७ जूनच्या संध्याकाळी आम्ही आरेकिपाची बस पकडली. तो पेरूचा ध्वजदिन असल्यामुळे घराघरांवर लाल-पांढरे झेंडे लागले होते. तिकीट प्रत्येकी ११० सोल होते. त्या वेळी एक सोल म्हणजे साधारण एकवीस रुपये. तिकिटावर पासपोर्ट क्रमांक लिहिलेला असतो, सामान विमानासारखे वजन करून घेतात, आणि बस सुटण्यापूर्वी एक कर्मचारी प्रत्येक प्रवाशाच्या चेहऱ्याचे चित्रीकरण करत मधून फिरतो. सुरक्षेसाठीची ही पद्धत माहीत नसल्यामुळे मी क्षणभर बावरले होते. सोळा तासांच्या प्रवासात रस्ता बहुतेक वेळ समुद्राच्या कडेने जातो आणि खरी चढण शेवटच्या काही तासांतच लागते. सकाळी डोळे उघडले तेव्हा दोन्ही बाजूंना तपकिरी, गवताची काडीही नसलेले डोंगर होते, आणि त्यांच्यावर इतके निळे आभाळ होते की लिमाचे करडेपण विसरायलाच झाले.

आमची खोली सांता कातालिना मठामागच्या गल्लीत एका वृद्ध बाईंच्या घरात होती. भाडे रात्रीला ७५ सोल. घराच्या भिंती पांढऱ्या दगडाच्या, हातभर जाड, दुपारच्या उन्हातही आतून गार. बाईंनी आल्याबरोबर कोकाच्या पानांचा चहा पुढे केला. डोंगरावर चढणाऱ्यांना हा चहा देण्याची तिथे जुनी रीत आहे, आणि पाहुण्याला पाणी विचारण्याइतक्या सहजपणे तो देतात. चव साधारण गवती चहासारखी, जरा कडवट. चहा तिथे प्यायला हरकत नाही, पण ती पाने किंवा त्यांच्या चहापुड्या आठवण म्हणूनही बॅगेत टाकू नयेत. अमेरिकेत व भारतात त्या बेकायदा आहेत आणि आम्हाला तर दोन्ही देशांतून जायचे होते. निघण्यापूर्वी आम्ही बॅगांचे सगळे कप्पे तेवढ्यासाठी पुन्हा तपासले.

पहिल्या दिवशी नवऱ्याने बजावले होते, "आज काहीही बघायचं नाही." बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आम्ही मेडिकलच्या दुकानातून चौदाशे रुपयांना घेतला होता. त्यावर माझा आकडा ९३ आला, घरी तो ९८ असायचा. डोके किंचित जड होते, जिना चढताना दम लागत होता, पण मळमळ नव्हती. पाणी, सूप आणि झोप यांत तो दिवस गेला. संध्याकाळी फक्त मुख्य चौकापर्यंत, प्लासा दे आर्मासपर्यंत, आजारपणातून उठलेल्या माणसांसारखे पावले मोजत गेलो. चौकाची एक संपूर्ण बाजू कॅथेड्रलने व्यापली आहे, उरलेल्या तीन बाजूंना दुमजली कमानी आहेत, आणि मावळतीचा उजेड पडला की सगळा पांढरा दगड आधी पिवळसर व मग गुलाबी होतो. त्या कमानींखालच्या पायरीवर आम्ही तासभर बसलो. तेवढ्याने मन इतके भरले की दुसऱ्या दिवसाचीही घाई उरली नाही.

९ जूनच्या पहाटे साडेचारला भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषक सामना सुरू झाला आणि नवरा पांघरुणात मोबाइल धरून बसला. उंचीवर झोप तशीही तुटक लागते, त्यामुळे मीही जागीच होते. शिखर धवनचे शतक आम्ही दोघांनी एका उशीला टेकून, आवाज बंद करून पाहिले. दुपारी कॅथेड्रलमध्ये गेलो. २३ जून २००१च्या भूकंपात त्याचा एक मनोरा कोसळला होता. तो पुन्हा उभारला आहे आणि नव्या-जुन्या दगडातला फरक मला तरी ओळखू आला नाही.

या दगडाला तिथे सियार म्हणतात. आपण सह्याद्रीतली माणसे काळ्या फत्तराच्या वाड्यांत, देवळांत, किल्ल्यांत वाढलेली, त्यामुळे सबंध शहर पांढऱ्या दगडाचे पाहताना डोळ्यांना वेगळेच वाटत राहते. दोन्ही दगड ज्वालामुखीनेच दिलेले आहेत. आपला काळा दगड हा वाहून थिजलेला लाव्हा आणि सियार ही उकळत्या राखेचे थर दाबले जाऊन झालेली शिळा. म्हणून तो हलका, सच्छिद्र आणि छिन्नीला मऊ. ला कोंपान्यिया चर्चच्या दर्शनी भिंतीवर १६९८ हे साल कोरलेले आहे आणि भोवती वेली, फळे, पाखरे इतक्या दाटीने कोरली आहेत की बोट ठेवायला सपाट जागा मिळत नाही. मी खरोखर बोट ठेवून पाहिले. दगड खरखरीत, रव्यासारखा लागतो आणि बोटावर पांढरी भुकटी येते.

सोमवारी डॉलर बदलायचे होते. दोन दुकानांत आमची शंभराची एक नोट परत केली, कारण तिच्या कडेला नखाएवढी चीर होती. पेरूत फाटकी डॉलर नोट, चीर कितीही लहान असो, सहसा घेत नाहीत, म्हणून घरून निघतानाच कोऱ्या नोटा निवडून घ्याव्यात. ती नोट आम्ही तशीच परत आणली.

तिथून सान कामिलो बाजारात गेलो आणि तीन तास बाहेर पडलो नाही. बटाट्यांच्याच राशी कितीतरी रंगांच्या, जांभळ्या, काळ्या, गाठीगाठींच्या. आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटा याच डोंगरांतून जगभर गेला हे पुस्तकात वाचले होते, पण त्या राशींसमोर उभे राहिल्यावर ते पटले. सीताफळाची मोठी, गुळगुळीत सालीची बहीण चिरिमोया तिथे भेटली. गर तसाच पांढरा, बिया तशाच काळ्या, फक्त गराच्या पाकळ्या सुट्या होत नाहीत. आपण ज्या फळाला पेरू म्हणतो त्याला पेरूत ग्वायाबा म्हणतात, हे फळवालीला खुणांनी सांगितले तेव्हा तिने शेजारणीला हाक मारून ते ऐकवले. फळांच्या रसाच्या गाड्यांची तिथे एक रांगच आहे. तेव्हा सात सोलला मोठा जग भरून रस मिळायचा, आणि पेला संपला की "यापा" म्हणायचे, म्हणजे बाई मिक्सरच्या भांड्यात उरलेला रस तुमच्या पेल्यात ओतते. त्याचे वेगळे पैसे नसतात. आपल्याकडे भाजीवाली मेथीच्या जुडीवर न मागता चार काड्या कोथिंबीर ठेवते, अगदी तसा. तो शब्द मी सहा दिवसांत मनापासून आणि वारंवार वापरला.

शाकाहारी माणसाने तिथे "सिन कार्ने" म्हणजे मांस नको, एवढे म्हणून भागत नाही, कारण कोंबडी त्यात मोजली जात नाही. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" असे तिन्ही सांगावे आणि सूप कशाच्या पाण्यात केले आहे तेही विचारावे. आमचा आधार होता तो सोल्तेरितो, म्हणजे घेवड्यासारख्या शेंगांच्या उकडलेल्या दाण्यांची, ताज्या चीजची, मक्याच्या टपोऱ्या दाण्यांची आणि ऑलिव्हची कोशिंबीर, आणि पिवळ्या मिरचीच्या दाट सॉसमध्ये बुडवलेले बटाटे, पापा आ ला वांकाईना. त्यावर उकडलेले अंडे असते, नको असल्यास आधी सांगावे. तिथली रोकोतो नावाची मिरची दिसायला लहान ढोबळी मिरचीसारखी, पण आतल्या बिया काळ्या आणि तिखटपणा आपल्या लवंगी मिरचीची आठवण करून देणारा. चौकातल्या गाड्यांवर केसो एलादो मिळते. नावाचा अर्थ गोठवलेले चीज असला तरी त्यात चीज नसते. दूध, खोबरे आणि दालचिनी यांचा तो घट्ट गोळा खाताना मला घरच्या नारळाच्या वडीची चव आठवली.

११ जूनला ऑक्सिमीटरने ९५ दाखवले आणि आम्ही सांता कातालिना मठात गेलो. तिकीट प्रत्येकी ४० सोल, वाटाड्याचे पैसे वेगळे. तिकीट महाग वाटले तरी अर्धा दिवस हाताशी ठेवून जावे, कारण हा मठ म्हणजे भिंतीच्या आत वसलेले एक गावच आहे. १५७९ मध्ये एका श्रीमंत विधवेच्या पुढाकाराने तो स्थापन झाला आणि १९७० पर्यंत बाहेरच्या माणसांना बंद होता. आजही एका भागात जोगिणी, म्हणजे नन, राहतात. धनिकांच्या मुली हुंड्यासह इथे येत, प्रत्येकीची खोली म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरासह लहानसे घर, दिमतीला दासी. १८७१ मध्ये पोपने पाठवलेल्या एका कडक जोगिणीने तो थाट बंद केला. गल्ल्यांना तोलेदो, सेव्हिया, ग्रानादा अशी स्पेनच्या शहरांची नावे आहेत. ज्या मुलींना उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायचे नव्हते त्यांच्या चालण्याच्या वाटांना अशी दूरदूरची नावे दिलेली वाचून मी एका कोपऱ्यावर बराच वेळ थांबले.

मला सर्वांत आवडले ते तिथले धुण्याचे ठिकाण. उतारावरून दगडी पाट येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वीस मोठे मातीचे रांजण उभे चिरून, अर्धे आडवे मांडले आहेत. पाटातून प्रत्येक रांजणाकडे एक छोटे तोंड काढलेले आहे. पाटाच्या पाण्यात तळहात आडवा धरला की पाणी वळून त्या रांजणात पडते, हात काढला की पुढे धावते, आणि धुणे झाले की तळाचा बोळा काढून पाणी खाली सोडून द्यायचे. मी हात धरून पाहिला. बर्फाच्या डोंगरावरून आल्यासारखे पाणी बोटे बधिर करत होते. शेताला पाणी देताना माझे आजोबा पायाने बारे मोडत ते मला त्या क्षणी डोळ्यांपुढे दिसले.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात हुआनिताची ममी पाहिली. आम्पातो या सहा हजार मीटरहून उंच डोंगरावर इंकांनी पंधराव्या शतकात बळी दिलेली ही बारा ते पंधरा वर्षांची मुलगी. शेजारचा साबांकाया ज्वालामुखी धुमसू लागल्याने शिखरावरचे बर्फ वितळले आणि १९९५ मध्ये ती योहान राइनहार्ड व मिगेल साराते यांना सापडली. ती मे ते डिसेंबर या काळात लोकांना पाहता येते आणि उरलेले महिने तिच्या जागी दुसरी मुलगी ठेवतात, म्हणून जाणाऱ्यांनी महिना पाहून जावे. तिकीट २० सोल होते. फोन व पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. आत अंधार आणि गारठा असतो, स्वेटर जवळ ठेवावा. काचेच्या थंड पेटीत ती गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आहे. तिचा एक हात कपड्याची कड घट्ट धरून आहे आणि त्या हाताची नखे स्पष्ट दिसतात. मला लेक आठवली. आम्ही बाहेर येऊन बराच वेळ एकमेकांशी बोललो नाही, आणि त्या दिवशी दुसरे काही पाहिलेही नाही. मुक्कामाचे दिवस हातात असल्यामुळे असे थांबता आले, याचे मोल मला तेव्हा कळले.

गुरुवारी नदी ओलांडून चालत यानावारा या वस्तीच्या माथ्यावर गेलो. पहिल्या दिवशी ही चढण मला झेपली नसती. त्या दिवशी एकदाही न थांबता चढले. सियारच्या कमानींतून ५,८२२ मीटरचा मिस्ती ज्वालामुखी समोर उभा दिसतो, एका बाजूला चाचानी, दुसऱ्या बाजूला पिचू पिचू. संध्याकाळी धुतलेले कपडे आणले, किलोला पाच सोल, आणि बॅगा भरल्या.

१४ जूनला सकाळी चिवायच्या बससाठी बसस्थानकावर गेलो. तिकिटाखेरीज स्थानकाचे शुल्क (तेव्हा दोन-तीन सोल) वेगळ्या खिडकीवर भरून त्याची चिठ्ठी तिकिटाला चिकटवून घ्यावी लागते, नाहीतर दारावरून परत पाठवतात, तेव्हा सुटे पैसे हातात ठेवावेत. चिवायमध्ये शिरताना कोल्का खोऱ्याचे ७० सोलचे पर्यटक तिकीटही घ्यावे लागले. आरेकिपाहून चिवाय म्हणजे ३,६३५ मीटर, एका दिवसात तेराशे मीटरची उडी, आणि वाटेत रस्ता पातापांपाला ४,९१० मीटरपर्यंत चढून खाली उतरतो. मी खिडकीशी बसून लांब श्वास घेत राहिले. त्या माथ्यावर ऑक्सिमीटरवर ८० उमटले. बोटांना मुंग्या येत होत्या, पण डोके शांत होते आणि बाहेर बर्फाचे डोंगर स्पष्ट दिसत होते. नवरा दर पाच मिनिटांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता.

चिवायमध्ये सूप भरपूर मिळाले. ते पिऊन आम्ही साडेआठलाच तीन कांबळी पांघरून झोपलो. रात्री पाण्यासाठी एकदा उठले तेव्हा आकडा ८७ होता. पहाटे साडेपाचला जाग आली ती डोकेदुखीने नव्हे, भुकेने. नवऱ्याला उठवून मी पहिल्यांदा विचारले ते नाश्ता किती वाजता मिळतो हे.